गाव नेमकं कुठे संपतं? वेस, शीव आणि गावठाण यांचा उलगडा

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे. त्यासाठी गाव, तालुका, जिल्हा, नगरपालिका, महापालिका या सगळ्यांच्या सीमा १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ या काळात आहेत तशाच ठेवायच्या, असं राज्यांना कळवण्यात आलं. बातम्यांमध्ये याला ‘सीमा गोठवणं’ म्हणतात. कारण सरळ आहे. मोजणी चालू असताना एखादं गाव नगरपालिकेत गेलं, तर तिथली माणसं दोनदा मोजली जातील किंवा मोजायचीच राहून जातील.

एवढं कुणालाही कळतं. घोळ होतो तो पुढच्या शब्दांपाशी. एका ठिकाणी ‘हद्दवाढ’, दुसरीकडे ‘गावठाणापासून दोनशे मीटर’, तिसरीकडे ‘शिवरस्ता मोकळा केला’, आणि कुठेतरी ‘शहराच्या वेशीवर बिबट्या’. चारही ठिकाणी बोलणं गावाच्या कडेचंच आहे. पण ही कड एक नाही. मराठीत गावाला एकाबाहेर एक अशा कितीतरी कडा आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव आहे. ती नावं एकमेकांच्या जागी वापरली की बोलताना फारसं बिघडत नाही. जमीन घेताना आणि घराचा कागद काढताना मात्र चांगलंच बिघडतं.

## घर, अंगण आणि कुंपण

जुन्या धाटणीचं एक घर डोळ्यांसमोर आणा. माणसं राहतात त्या खोल्या, भोवती मोठं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला शेजाऱ्याच्या आवारापर्यंत गेलेलं कुंपण. आता कुणी विचारलं, ‘तुमचं घर कुठे संपतं?’ तर भिंतीपाशी म्हटलं तरी बरोबर आणि कुंपणापाशी म्हटलं तरी बरोबर.

गावाचंही तसंच. माणसं राहतात तो भाग म्हणजे गावठाण. त्याभोवती पसरलेली शेतं म्हणजे शिवार. शिवार संपून शेजारच्या गावाचं शिवार सुरू होतं ती रेघ म्हणजे शीव. वस्तीला तटभिंत असेल तर ती गावकूस, आणि तिच्यातला आत-बाहेर करायचा दरवाजा म्हणजे वेस.

जुन्या कागदांत याच विभागणीला आणखी एक जोडी सापडते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती एकाच ठिकाणी साचत गेली की तिथली जमीन उजळ दिसू लागते. म्हणून पुरातत्त्व अभ्यासक प्राचीन वस्तीचा माग काढताना अशी पांढरीची टेकाडं शोधतात. गाव कुठवर होतं हे मातीच्या रंगावरून ओळखणारी ही जोडी मला या सगळ्या शब्दांत सर्वांत देखणी वाटते.

## शीव: गावाची खरी शेवटची रेघ

शीव हा शब्द संस्कृत ‘सीमा’पासून आला. शिव म्हणजे महादेव, त्याच्याशी याचा संबंध नाही. एकटा लिहिताना ‘शी’ दीर्घ, आणि रूप चालवताना ऱ्हस्व: शीव, पण शिवेवर, शिवेचा, शिवेला.

मुंबईकरांनी हा शब्द हजारदा वाचलेला असतो. इंग्रजीत सायन म्हणतात त्या स्टेशनाचं मराठी नाव शीव आहे आणि ते नाव अक्षरशः खरं आहे. सतराव्या शतकात मुंबईची बेटं इंग्रजांकडे आणि पलीकडचं साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होतं. दोन सत्तांची सीमा इथे होती. तिच्यावर नजर ठेवायला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात टेकडीवर किल्ला बांधला, तो आजही उभा आहे. एकेकाळी मुंबई खरोखरच इथे संपत होती. आता तिथून शहर कित्येक मैल उत्तरेला गेलं, पण नाव जागचं हललं नाही.

लग्नातला ‘श्रीमंतपूजन’ हा विधी आठवा. मुळात तो सीमांतपूजन. सीमांत म्हणजे सीमेचा शेवट. वराकडची मंडळी वधूच्या गावाला येत, तेव्हा त्यांना शिवेवर जाऊन सामोरं व्हायचं, पूजा करून मानाने आत आणायचं. कार्यालयात लग्नं होऊ लागल्यावर शीव मागे पडली, सीमांताचं श्रीमंत झालं आणि विधीचा अर्थ पुसट झाला. दसऱ्याच्या सीमोल्लंघनातही शीवच आहे. त्या दिवशी गावाची सीमा ओलांडून शमीच्या नाहीतर आपट्याच्या झाडाची पूजा करायची. पावसाळा सरल्यावर मराठी फौजा मोहिमांना निघत त्याही दसऱ्याच्या सुमाराला.

शीव ही दोन गावांची सामाईक रेघ, म्हणून भांडणही तिच्यावरच. शिवेचे तंटे जुन्या कागदपत्रांत जागोजागी भेटतात. असा तंटा उभा राहिला की शिवेचे दगड, ओढे, झाडं सांगू शकणारा जाणता माणूस लागे, आणि ते काम महार वतनदाराचं होतं. शिवेबाबत त्याची साक्ष मोलाची मानली जाई. हे लक्षात ठेवा, पुढे गावकुसाशी याचा संबंध येणार आहे.

शिवरस्ता म्हणजे याच रेघेवरून जाणारा रस्ता. दोन्ही गावांच्या कडेला असल्याने त्याची काळजी घ्यायला कुणीच पुढे येत नाही. दोन्ही बाजूंचे बांध थोडे थोडे सरकतात आणि काही वर्षांत बैलगाडीही जाईनाशी होते. शिवरस्ते मोकळे करण्याच्या मोहिमा पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात, त्याचं मूळ इथे आहे. पाणंद वेगळी. ती वस्तीकडून शेतांकडे जाते.

## वेस: भिंत गेली, दरवाजाचं नाव राहिलं

वेस हा मुळात दरवाजा. सोलापुरात बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस ही आजही रोजच्या बोलण्यातली ठिकाणं आहेत. पुण्याच्या कसब्यात कुंभारवेस आहे. यांतली काही नावं बाहेरच्या गावावरून पडलेली दिसतात. विजापूरच्या वाटेला उघडणारी ती विजापूर वेस. छत्रपती संभाजीनगरातल्या पैठण गेटचंही तेच. दरवाजाला आतल्या माणसांनी नाव दिलं ते ‘इथून कुठे जाता येतं’ यावरून.

वेशीजवळ माणसं थांबत, पाहुण्याला निरोप तिथवर देत, दवंडीही तिथे पिटली जाई. जाणारा-येणारा प्रत्येक जण तिथून जाणार, म्हणून तिथे टांगलेली वस्तू साऱ्या गावाला दिसणार. ‘अब्रू वेशीवर टांगणं’ किंवा ‘लक्तरं वेशीवर टांगणं’ हे वाक्प्रचार त्यातूनच आले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणं, असा त्यांचा अर्थ.

पुढे तटबंद्या पडल्या, शहरं बाहेर वाहत गेली आणि वेस या शब्दाचा अर्थ सैल झाला. आता ‘शहराच्या वेशीवर’ म्हणजे शहराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे घरं विरळ होऊ लागतात तिथे. हा वापर चुकीचा नाही. शब्द असेच पसरतात. फक्त एक लक्षात असावं, की या अर्थाने वेस कुठल्याच नकाशावर नसते. ‘वेशीवरचा प्लॉट’ असं कुणी सांगितलं तर तो प्लॉट कायद्याने कुठे आहे याबद्दल त्याने काहीही सांगितलेलं नाही.

## गावकूस: आत कोण, बाहेर कोण

कूस म्हणजे तटभिंत, कुंपण. पण ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला भिंत आठवत नाही, जात आठवते. अस्पृश्य ठरवलेल्यांची घरं भिंतीबाहेर ठेवली गेली. शिवेच्या तंट्यात ज्याची साक्ष मोलाची, जो गावाची शेवटची रेघ सगळ्यांत चांगली ओळखत होता, त्यालाच भिंतीच्या आत घर बांधायची मुभा नव्हती. शीव त्याने राखायची आणि कुसाच्या आत दुसऱ्यांनी राहायचं.

म्हणून हा शब्द भौगोलिक अर्थाने, नुसता ‘गावाबाहेर’ या जागी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात एका मोठ्या समाजाने भोगलेलं बाहेरपण आहे. महार वतन १९५८च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने संपलं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२०मध्ये घेतला. वतन जाऊन वस्तीचं नाव बदलायला ठरावाच्या पातळीवरही साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

## गावठाण: कागदावरची कड

आता पैशाशी आणि कायद्याशी थेट बांधलेला शब्द. गावठाण म्हणजे गावाचं ठाण, ठाण म्हणजे स्थान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १२२नुसार कुठली जमीन गावठाणात धरायची हे जिल्हाधिकारी ठरवतात आणि गरजेप्रमाणे ती हद्द बदलूही शकतात. म्हणजे गावठाणाची कड घरांनी ठरत नाही, आदेशाने ठरते. गावात शंभर घरं नवीन झाली म्हणून गावठाण आपोआप वाढत नाही. हद्द वाढवण्याचा आदेश निघाला तरच ‘वाढीव गावठाण’ होतं.

‘आमच्या घराला सातबारा का नाही?’ हा प्रश्न खेड्यात नेहमी ऐकू येतो. उत्तर इंग्रजी अमदानीतल्या मोजणीत आहे. १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात मुंबई इलाख्याची नवी जमीन मोजणी सुरू झाली. तिचा हेतू शेतसारा ठरवणं हा होता. तेहतीस फुटांची साखळी घेऊन शेतं मोजली गेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. हा हिशेब आपण आजही वापरतो. ज्यावर शेतसारा नाही ते घर मोजायची गरज कुणाला वाटली नाही. नकाशात गावठाण हा एकच ठिपका राहिला आणि त्यातली घरं कागदाविना राहिली.

मग गावठाणातल्या घरमालकाकडे काय असतं? बहुतेकदा ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा. पण ती घरपट्टी आकारण्याची यादी आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नाही. बँक कर्ज देताना अडते ती इथेच. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेली स्वामित्व योजना हा खड्डा भरायला आहे. ड्रोनने गावठाण मोजायचं, प्रत्येक घराची हद्द आखायची आणि मिळकत पत्रिका द्यायची. बोलण्यात तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. तुमच्या गावात मोजणी होणार असेल तर त्या दिवशी घरी थांबा, शेजाऱ्याबरोबर उभे राहून भिंत कुणाची आणि बोळ कुणाचा ते दाखवा. चूक नंतर दुरुस्त करायला जे हेलपाटे पडतात ते त्या एका दिवसात वाचतात.

## ‘दोनशे मीटरच्या आत आहे, म्हणजे बांधता येईल ना?’

नाही, इतकं सोपं नाही. शेतजमिनीवर घर बांधायचं तर ती अकृषिक व्हावी लागे, म्हणजे तिचा वापर शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी मान्य व्हावा लागे. दोनशे मीटरची गोष्ट आली ती जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मधून: गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातली आणि प्रादेशिक योजनेत विकासयोग्य दाखवलेली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक झाली असं त्यात मानलं होतं. त्यासाठी ठरलेला कर भरावा लागे.

यात तीन ठिकाणी माणसं अडखळतात. अंतर मोजायचं ते गावठाणाच्या अधिकृत हद्दीपासून, शेवटच्या दिसणाऱ्या घरापासून नव्हे. शेवटचं घर हद्दीच्या पलीकडे अर्धा किलोमीटर शेतात उभं असू शकतं. दुसरं, योजनेत ती जमीन विकासयोग्य पट्ट्यात नसेल तर नुसतं अंतर कामाचं नाही. आणि वापर बदलला असं मानलं तरी बांधकाम परवानगी सुटत नाही. ती स्वतंत्र घ्यावी लागते. ‘गावठाणाला लागून’ अशी जाहिरात दिसली की विक्रेत्याकडे गावठाणाची हद्द दाखवलेला नकाशा मागा. जो कागद दाखवत नाही त्याच्याशी बोलणी तिथेच थांबवलेली बरी.

## हद्द वाढते तेव्हा नक्की काय सरकतं?

हद्द हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि मराठीत पक्का रुजला: सरहद्द, हद्दपार, वैतागून म्हटलेलं ‘हद्द झाली!’. शीव दोन गावांमधली, हद्द मात्र अधिकाराची. पोलीस ठाण्याची हद्द, न्यायालयाची हद्द, महापालिकेची हद्द. एकाच घरावर अशा चार हद्दी एकमेकींवर पसरलेल्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ठाण्यावर ऐकावं लागू नये म्हणून तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची सोय आली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत ती कायद्याच्या शब्दांतच घातली आहे.

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ साली आणखी २३. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, मुंबईपेक्षाही जास्त. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचं ठरलं. कोल्हापूरचं उलट. तिथली महापालिका १९७२ची आणि शहराची हद्दवाढ हा तेव्हापासूनचा न सुटलेला वाद. शहराला जागा हवी, आसपासच्या गावांना शहर नको.

हद्दवाढीत ग्रामपंचायत जाते. सरपंच जातो, ग्रामसभा जाते, घरपट्टीचा दर टप्प्याटप्प्याने महापालिकेचा होतो, शेतांवर विकास आराखड्याची आरक्षणं पडू शकतात. पण शीव जात नाही. महसुलाच्या दप्तरी गाव गावच राहतं. वाघोली महापालिकेत आली तरी सातबाऱ्यावर मौजे वाघोली, तालुका हवेली असंच असतं, नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका मिळेपर्यंत. गावठाणही पुसलं जात नाही. मुंबईत वांद्र्याचं रानवार, खारजवळचं चुईम ही जुनी गावठाणं इमारतींच्या गर्दीत आजही वेगळी ओळखू येतात.

‘मग गावकरी विरोध का करतात? नळ, रस्ते, दवाखाने येतील की,’ असं शहरातली माणसं म्हणतात. येतात, पण क्रमाने नाही. कर आधी वाढू लागतो, पाइपलाइन यायला वर्षं जातात. मधल्या काळात तक्रार घेऊन जायला सरपंचही उरलेला नसतो आणि नवा नगरसेवक तीन-चार गावांना मिळून एक असतो. विरोधाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हा मधला काळ मोजून पाहावा. दुसरी बाजूही खरी आहे. ग्रामपंचायतीकडे ना मैलापाण्याची यंत्रणा ना अग्निशमन, आणि बारा मजली इमारती मात्र उभ्या. अशा गावाने गाव राहूनही भागत नाही.

## काठच मोठा झाला तर?

मुंबईची पालिका हद्द १९५० आणि १९५७ साली वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्या भागाला उपनगर म्हटलं, म्हणजे शहरालगतची दुय्यम वस्ती. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात साडेत्र्याण्णव लाख. काठ मध्यापेक्षा तिपटीने मोठा, तरी नाव उपनगरच.

जनगणनेला या अवघडपणावर तोडगा काढावा लागतो. ज्या ठिकाणी किमान ५,००० लोक राहतात, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची दाटी आहे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आहेत, ते ठिकाण ग्रामपंचायतीच्या कारभारात असलं तरी जनगणनेत शहरच धरलं जातं. त्याला जनगणना नगर म्हणतात. २००१ साली देशात अशी १,३६२ ठिकाणं होती, २०११ साली ३,८९४. ही सगळी नकाशावर गावं आणि प्रत्यक्षात शहरं. त्यांच्या वेशी कधीच मिटल्या आहेत. पुढच्या मोजणीत हा आकडा किती होतो ते पाहण्यासारखं असेल, कारण त्यावरून शहराच्या सोयी न मिळता शहरात राहणारे किती ते कळेल.

## रोजच्या वापरात

बोलताना आणि लिहिताना मी असं करतो. घरं विरळ होतात तिथे वेस. दोन गावांमधली रेघ ती शीव. कर, मतदान, परवानगी यांचा विषय असेल तर हद्द. घराच्या किंवा प्लॉटच्या कागदाचा विषय असेल तर गावठाण, आणि तिथे दुसरा कुठलाही शब्द चालवून घेत नाही.

आपल्या गावाच्या या रेघा बघायच्या असतील तर गावचा नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही गट नकाशे पाहता येतात. नकाशा हातात घेऊन एकदा शिवेवर चालून या, गावातलं एखादं जाणतं माणूस बरोबर घेऊन. शिवेचे जुने दगड काही ठिकाणी शेंदूर लावलेले सापडतील, काही बांधात गाडले गेले असतील. दगड सापडला तर तो हलवू नका. हद्दीची खूण बिघडवणं जमीन महसूल संहितेनुसार दंडनीय आहे. फोटो काढा, जवळचा गट क्रमांक लिहून ठेवा आणि तलाठ्याला कळवा.